ओळख आहे, पण जागा आहे का?

आजची गोष्ट आपल्या पुण्यातूनच सुरू करू. १९३६-३७ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची मोठी पाहणी केली. घरात माणसं किती, धंदा काय, कमाई किती? ही उत्तरं मोजता येतात. पण शेजारच्या घरात एक वेगळं मूल आहे, जरा ऑटिस्टिक, आणि त्याच्याबद्दल आपल्या मनात काय आहे, हे कसं मोजायचं?

याची एक युक्ती १९२५ मध्येच निघाली होती. एमरी बोगार्डस हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. 'अमुक देशाची, अमुक वंशाची माणसं आवडतात का?' असं ते विचारत नसत, कारण तिथे सगळे गोड बोलतात. ते पायऱ्या मांडत. सोयरीक चालेल? मित्र म्हणून? शेजारी म्हणून? जिथे 'नको' आलं, तिथे मनातलं अंतर कळलं.

आता ऑटिझमकडे या. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन छापलं. पुढे तज्ज्ञच सांगू लागले की आई थंड असते म्हणून मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील, हे खोडून काढलं. कारण शरीरात आहे म्हणाले. तरी १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तोच आरोप पुन्हा गाजवला. म्हणजे बघा, त्या काळी कुणी परीक्षा घेतली असती, तर 'चूक आईची' या उत्तराला पूर्ण मार्क मिळाले असते!

म्हणून माहिती वेगळी आणि स्टिग्मा वेगळा. १९८७ मध्ये वेंडी स्टोन यांनी डॉक्टर, मानसतज्ज्ञ अशा जाणकारांनाच प्रश्न विचारले. २०१७ मध्ये अ‍ॅश्ली हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या संस्कृतींत चालेल अशी ४९ विधानांची प्रश्नावली केली. लक्षणं, कारणं, उपचार यांची माहिती आणि स्टिग्मा, हे तिने वेगवेगळे मोजले.

पण प्रश्नावली मराठीत आणताना खरी गंमत. 'मूल नजरेला नजर देत नाही' हे तिकडे लक्षण. आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं म्हणजे वळण. 'स्वमग्न' हा शब्द ऐकला की वाटतं, पोरगं आपल्याच नादात खूश आहे. त्याला मित्र हवा असेल, हे डोक्यातच येत नाही.

आपल्या सरकारी कागदांनाही हा शब्द उशिरा भेटला. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला. २०११ च्या जनगणनेत मात्र स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये त्याला जागा मिळाली.

कागदावर मिळाली. सोसायटीत? आज फोनवर दोन मिनिटांत ऑटिझमची सगळी लक्षणं वाचता येतात. माहितीच्या परीक्षेत आपण आरामात पास होऊ. पण एखादी आई लग्नकार्याला मुलाला घेऊन येते, ते कान दाबून ओरडू लागतं, तेव्हा आपण सरकून तिला जागा देतो, की वळून बघतो? बोगार्डस यांची पायरी तिथे आहे.

तुमचा 'नको' कुठल्या पायरीवर येतो? एकदा स्वतःला विचारून बघा. खरं उत्तर द्या, कुणी ऐकत नाहीये. भेटू पुढच्या भागात!