तंबाखूत चुना का मळतात? निकोटीनच्या रचनेतच आहे उत्तर

तळहातावर तंबाखूची चिमूट, त्यावर नखभर चुना, अंगठ्याने दोन मिनिटं मळायचं आणि गालात बार भरायचा. एसटी स्टँडपासून शेताच्या बांधापर्यंत हे दृश्य महाराष्ट्रात रोजचं आहे. चुन्याशिवाय तंबाखूला 'किक' येत नाही, असं खाणारे सांगतात. पण चुन्याने निकोटीनचं प्रमाण वाढत नाही. मग नेमकं बदलतं काय?

निकोटीनचा रेणू कसा असतो?

अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन असतात. या हायड्रोजनच्या जागी कार्बनचे गट आले की जे संयुग तयार होतं, त्याला अमाइन म्हणतात. निकोटीन याच कुळातलं. त्याच्या रेणूत दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात, एक सहा अणूंचं आणि दुसरं पाच अणूंचं. दोन्हींत एकेक नायट्रोजन असतो. त्यातला पाच अणूंच्या कड्यातला नायट्रोजन सगळ्यात महत्त्वाचा.

हा नायट्रोजन प्रोटॉन उचलतो आणि त्यावर धन विद्युतभार येतो. असा भार असलेला रेणू तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुना अल्कधर्मी असतो. तो हा प्रोटॉन काढून घेतो, रेणू भारमुक्त होतो आणि झपाट्याने रक्तात शिरतो. 'किक' म्हणतात ती हीच.

मेंदूत गेल्यावर काय होतं?

रक्तात पोहोचल्यावर बहुतांश रेणूंवर पुन्हा धनभार येतो आणि आता तोच भार कामी येतो. आपल्या शरीरात असिटाइलकोलीन नावाचं रसायन मज्जातंतूंचे निरोप पुढे पोहोचवतं. त्याच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. हे रसायन ज्या रिसेप्टरवर बसतं, तिथेच निकोटीनही जाऊन बसतं. कुलूप तेच, किल्ली मात्र बाहेरची.

असं कुलूप शरीरात असावं, हा अंदाज केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी 1905 मध्येच बांधला होता. निकोटीनने स्नायू आकुंचन पावतात आणि क्युरारे या विषाने ते थांबतं, हे त्यांनी प्रयोगांत पाहिलं होतं.

मेंदूतल्या रिसेप्टरवर निकोटीन घट्ट बसतं, स्नायूंमधल्या रिसेप्टरवर मात्र त्याची पकड सैल असते. म्हणूनच सिगारेट ओढणाऱ्याचे स्नायू आखडत नाहीत, पण मेंदूला तलफ लागते.

रचनेत थोडा बदल केला तर?

परिणाम पार उलटाही होऊ शकतो. काही उदाहरणं पाहा.

* टेट्रामिथाइल अमोनियममध्ये नायट्रोजनला चार लहान गट जोडलेले असतात. ते निकोटीनसारखं काम करतं. प्रत्येक गटात एकेक कार्बन वाढवला की होतं टेट्राइथाइल अमोनियम आणि ते मज्जातंतूंच्या जोडांवर हाच परिणाम रोखतं.
* दोन भारित नायट्रोजनमध्ये सहा कार्बनची साखळी असेल तर ते हेक्सामेथोनियम. त्याने रक्तदाब उतरतो. साखळी दहा कार्बनची केली तर डेकामेथोनियम. त्याने स्नायू लुळे पडतात.
* आपलं यकृत निकोटीनच्या पाच अणूंच्या कड्यावर एक ऑक्सिजन जोडून कोटिनीन तयार करतं. यात नायट्रोजन भार घेऊ शकत नाही, त्यामुळे निकोटीनसारखा परिणाम जवळपास संपतो. पण कोटिनीन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून तंबाखूसेवनाच्या तपासणीत तेच शोधतात.
* लॅबर्नमच्या बियांमधलं सायटिसीन त्याच रिसेप्टरवर बसतं, पण त्याला अर्धवटच चालू करतं. तलफ कमी होते आणि निकोटीनला जागा उरत नाही. याच रचनेवरून पुढे व्हॅरेनिक्लीन हे व्यसन सोडवणारं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला 2006 मध्ये मंजुरी मिळाली.

मग 'निकोटीन नाही' म्हणजे सुरक्षित?

अजिबात नाही. अमेरिकेत 2022 मध्ये कायदा बदलला आणि प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटीनही नियमांखाली आलं. त्यानंतर बाजारात 6-मिथाइल निकोटीन असलेले व्हेप आले. यात सहा अणूंच्या कड्यावर फक्त एक मिथाइल गट जास्त असतो. कायद्याच्या व्याख्येत हे निकोटीन नाही. पण महत्त्वाचा नायट्रोजन जागच्या जागी असल्यामुळे मेंदूतल्या रिसेप्टरला फरक पडत नाही.

भारताच्या 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात ही पळवाट नाही. द्रव्य तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं उपकरण त्यात निकोटीन असो वा नसो, बंदीखालीच येतं. तरीही ऑनलाइन कुणी 'झिरो निकोटीन' म्हणून काही विकत असेल, तर त्यात निकोटीनऐवजी काय घातलंय, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं.