जंतुनाशक माउथवॉश कसा वापरावा?

अंधेरी असो की मुलुंड, औषधांच्या दुकानात माउथवॉश सहज मिळतो. पण क्लोरहेक्झिडिन असलेला जंतुनाशक माउथवॉश हे औषध आहे, रोज चूळ भरण्याचे पाणी नाही.

वापर: ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिन साधारणपणे १० मिलिलिटर घेऊन १ मिनिट तोंडात खळखळवतात आणि थुंकतात, दिवसातून २ वेळा. गिळू नये. टूथपेस्टमधील फेसाच्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ब्रश केल्यावर अर्धा तास थांबावे.

किती दिवस? डॉक्टर सांगतील तेवढेच. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते.

कोणी जपावे? लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्यांबाबत थायरॉईडचे रुग्ण व गर्भवतींनी आधी विचारावे. चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर लगेच रुग्णालय गाठावे.

सर्वात महत्त्वाचे: दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर माउथवॉशवर दिवस काढू नयेत. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नाहीच. तपासणीसाठी बोरिवली-अंधेरीकरांना मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय, तर मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय थेट लोकलने गाठता येते.