दृष्टिपटल, माशांचे : पेशीवाढ व मांडणी

डोळ्याच्या मागच्या भागात आतून अस्तरासारखा पसरलेला, प्रकाश टिपणारा पेशींचा पापुद्रा. माणसाच्या दृष्टिपटलात नव्या पेशींची भर जन्माच्या सुमारास थांबते. बहुतेक अस्थिमत्स्यांत मात्र ती आयुष्यभर चालू राहते.

पनवेल-पेण पट्ट्यात खारबांधाआडच्या तळ्यांत सोडलेले बोटभर जिताड्याचे पिल्लू हातभर होते, तेव्हा त्याचा डोळाही वाढलेला असतो. अशा वाढत्या डोळ्यातले दृष्टिपटल दोन तऱ्हांनी पसरते. जुना भाग थोडा ताणला जातो आणि कडेला मूळपेशींच्या वलयातून नव्या पेशी जोडल्या जातात. टोपली विणताना बूड आधी होते आणि काठ चढत जातो, तसेच हे. मधला भाग सर्वांत जुना, कडा सर्वांत ताजी. सोनमाशातला हा उगम पामेला जॉन्स यांनी 1977 मध्ये दाखवला.

ताणामुळे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी विरळ होतात. अंधुक उजेडात कामी येणाऱ्या दंडपेशींची दाटी मात्र फारशी घटत नाही, कारण त्या कडेची वाट पाहत नाहीत. दृष्टिपटलाला आधार देणाऱ्या म्यूलर पेशींपासून निपजलेल्या पूर्वपेशी जुन्या भागातही नव्या दंडपेशी घालत राहतात. इजा झाल्यास याच म्यूलर पेशी जवळपास सगळे दृष्टिपटल पुन्हा उभे करू शकतात. या क्षमतेच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा झेब्राफिश मूळचा भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये त्याचे वर्णन केले.

या वाढीचा खरा गुंता मेंदूत आहे. दृष्टिपटल चहूबाजूंनी वाढते, पण त्याचे संदेश घेणारा मेंदूचा भाग मुख्यतः मागच्या कडेने, चंद्रकोरीसारखा. दोहोंचा नकाशा जुळता ठेवायचा तर जुन्या चेतातंतूंच्या जोडण्या सरकत राहाव्या लागतात. सुरू असलेल्या घरात भिंती हलवण्यासारखे हे काम, पण मासा त्यापायी आंधळा होत नाही.

पेशींची मांडणी माशाच्या राहणीप्रमाणे बदलते. पनवेल खाडीत ओहोटीला चिखलावर सरपटणाऱ्या निवटीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात. तिच्या पूर्व आशियातल्या भाईबंदांत मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या आढळल्या आहेत. सपाट चिखलावर बगळा काय, प्रतिस्पर्धी काय, दिसायचा तो क्षितिजाच्या रेषेवरच. निवट्या धरायला चिखलात उतरणाऱ्याची चाहूल लागून त्या बिळात पसार होतात, त्यात या पट्ट्याचा हात असावा.