इसार देण्याआधी: नवागामच्या आमच्या घरांची गोष्ट

मागच्या आठवड्यात पुतण्याने डिंडोलीकडे एक घर पाहिलं आणि तिथूनच फोन केला, "काका, भाव बोलून टाकू का?" मी म्हटलं, थांब. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. नवागामात राहिलेल्या आपल्या बऱ्याच घरांची ही गोष्ट आहे.

उधना-जळगाव लाइनने आपली माणसं सुरतला आली. कोणी लूमवर लागलं, कोणी डाइंग मिलमध्ये. आधी भाड्याची खोली, तीत सहा-सात जण. मग शेताचे तुकडे पाडून प्लॉट विकणारे भेटले. बारा बाय चाळीसचा प्लॉट, पैसे हप्त्याने. घर घेताना आपण तेव्हा काय बघायचो? पहिला प्रश्न, "पानी येस का?" दुसरा, गल्लीत आपल्याकडचं कोण आहे. तिसरा, रात्रपाळी करून पायी येता येईल का. कागद म्हणजे स्टॅम्प पेपरवर दोन पानांचं लिखाण आणि खाली नोटरीचा शिक्का. शिक्का उमटला की पेढे वाटायचे.

मी बी.कॉम., बँकेत नोकरीला, दुसऱ्यांचे कागद तपासणारा. तरी १९८६ साली मीसुद्धा एका ओळखीच्या शब्दावर दोन हजार रुपये इसार दिला. महिन्याभराने सातबारा काढला तर वर 'नवी शरत' लिहिलेलं. म्हणजे कलेक्टरची परवानगी घेऊन, सरकारात प्रीमियम भरल्याशिवाय ती जमीन विकताच येत नाही. शेतजमीन होती, एनए झालेलीच नव्हती. दोन हजार बुडाले. तेव्हा ती रक्कम मोठी होती. हिने बरेच दिवस ऐकवलं आणि तिचं बरोबर होतं.

पण मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात, प्लेगच्या आधी, आमच्या गावचे एक आबा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मुलाला दोन लूम टाकून द्यायचे होते, घर तारण ठेवतो म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले: नोटरीचं लिखाण, वेराबिल, लाइटबिल. सगळी बिलं वेळेवर भरलेली. मी म्हटलं, "आबा, यावर लोन होत नाही." ते म्हणाले, "अरे, अकरा वर्षं राहतोय मी त्या घरात." शंभर रुपये किंवा त्यावरची स्थावर मिळकत विकायची तर रजिस्टर दस्तावेजच लागतो, हा कायदा १८८२ चा. वेराबिलाने मालकी सिद्ध होत नाही. हे मी त्यांना समजावलं, पण ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. पुढे तीन दिवाळ्या ते आमच्याकडे फराळाला आले नाहीत. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने पावर ऑफ अटर्नीवरच्या विक्रीने मालकी मिळत नाही असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा मला आबाच आठवले.

आबा चुकले असं मात्र मी म्हणणार नाही. पगाराची स्लिप नाही, जामीन नाही, रजिस्टर दस्तावेजाचं घर त्यांच्या ऐपतीत कुठे होतं? त्या कच्च्या कागदावरच्या घरात त्यांनी चार मुलांची लग्नं केली. आज नातू ते विकायला काढतो तेव्हा गिऱ्हाईक कागद बघतं आणि भाव पाडतं.

आता पुतण्याच्या पिढीला पगार आहे, लोन मिळतं, मग घाई कशाला? फरशी आणि मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी मालकाचा स्वतःचा दस्तावेज मागा, त्याच्या आधीच्या मालकाचाही मागा. सातबारा, एनएचा हुकूम, पास झालेला प्लॅन बघा. टीपी स्कीमचा नकाशा नक्की बघा, कारण सुरतमध्ये टीपीचा रस्ता कोणाच्या ओट्यावरून जाईल ते नकाशाच सांगतो. सब-रजिस्ट्रार कचेरीत वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून घ्या, जुना बोजा तिथे सापडतो. इम्पॅक्ट फी भरलीय असं मालक ऐटीत सांगेल. ती बांधकामासाठी असते, तिने जमिनीची मालकी दुरुस्त होत नाही.

आणि पाणी. आबांच्या पिढीचा प्रश्न आता उलटा विचारायचा, पाणी घरात तर येत नाही ना? २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, ते सगळ्यांना आठवतं. पण लिंबायत, पर्वत गाम भागात मिठी खाडी नुसत्या जोरदार पावसानेही भरते. मालकाला विचारून उपयोग नाही. समोरच्या किराणावाल्याला विचारा, पावसाळ्यात तो गोण्या किती उंचीवर ठेवतो. खालचे प्लग कमरेच्या वर बसवलेले दिसले तर समजून जा. एकदा भर पावसात जाऊन गल्ली बघा.

पुतण्याच्या घराचं म्हणाल तर घर वडिलोपार्जित निघालं आणि मालकाला दोन बहिणी. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच. एक बहीण उधन्यात, तिची हरकत नाही. दुसरी नाशिकला असते, भावाशी बोलत नाही. तिची सही होईपर्यंत इसार द्यायचा नाही असं ठरलंय. मालक रोज संध्याकाळी फोन करतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून.