ब्रेक द्रवाची वेगळी टाकी (मॉरिस मायनर)

मास्टर सिलिंडरपासून दूर, सहज दिसेल अशा उंच जागी बसवलेली आणि नळीने सिलिंडरला जोडलेली ब्रेक द्रवाची टाकी. ज्या जुन्या मोटारींत मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली दडलेला असतो, त्यांच्यासाठी हा बदल विशेष उपयोगी आहे. ब्रिटिश मॉरिस मायनर हे त्याचे ठळक उदाहरण. एमजीच्या टी मालिकेतील टीडी मोटारीतही सिलिंडर असाच खाली आहे. फोक्सवॅगन बीटलच्या नंतरच्या गाड्यांत मात्र कारखान्यातूनच टाकी पुढच्या डिकीत येई आणि तेथून नळी खाली सिलिंडरकडे जाई.

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मायनर ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांपुढे आली. 1971 पर्यंत तिचे उत्पादन चालले आणि 16 लाखांहून अधिक गाड्या बनल्या. चारही चाकांना लॉकहीड पद्धतीचे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक होते. मास्टर सिलिंडर चासीच्या पोकळ दांडीत आहे. त्याच्या वरच्या भागात द्रवाचा साठा आणि खालच्या भागात दट्ट्या, अशी एकाच ओतीव तुकड्यात रचना असते. पातळी पाहायची तर चटई उचलायची, जमिनीवरील झाकणपट्टी काढायची, बॅटरीच्या उजेडात बूच शोधायचे आणि पान्याने सैल करायचे. भोवती साचलेली माती पुसली नाही, तर बूच निघताच ती थेट द्रवात पडते. वाळूचा एक कणही सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर चरा पाडून रबरी सील खराब करू शकतो. एवढा खटाटोप असल्याने ही तपासणी वर्षानुवर्षे राहून जाते.

ही हयगय महागात पडू शकते. ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजले, तरी ते अ‍ॅडजस्टरने ड्रमजवळ आणले जातात, त्यामुळे झिजेने पातळी फारशी उतरत नाही. ती उतरलेली दिसली तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे. मायनरचे चारही ब्रेक एकाच मंडलावर चालतात. मोठी गळती झाली तर पायाचा ब्रेक पूर्ण जातो आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो. बॉनेट उघडताच पातळी नजरेस पडणे, ही या टाकीची खरी कमाई आहे. तिने ब्रेक अधिक जोरात लागत नाहीत आणि एकेरी मंडलाचे दुहेरी होत नाही. तसे सांगून कोणी ती विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बसवताना मूळ बुचाच्या जागी नळीचे तोंड असलेला जोड, तांब्याच्या वायसरसह, घट्ट बसवतात. मूळ बुचाला हवा जाण्यासाठी बारीक भोक असते. नवा जोड मात्र पूर्ण हवाबंद हवा, आणि श्वास घेण्याचे काम टाकीच्या झाकणाकडे जाते. हे झाकणाचे भोक बुजले, तर टाकीतून द्रव खाली सुरळीत उतरत नाही. टाकी अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर किंवा उघड्या तारांच्या वर नसावी. मायनरमध्ये बॅटरी फायरवॉलच्या कप्प्यावरच असते, म्हणून टाकी तिच्या टोकांपासून लांब, चालकाच्या बाजूला लावणे बरे. ब्रेक द्रव रंगावर सांडला तर रंग उचलला जातो, तेव्हा भरण्यापूर्वी खाली फडके अंथरावे. शक्य तेथे आधीच असलेल्या स्क्रूचा आधार घ्यावा. पत्र्याला नवे भोक पाडले नाही, तर पुढचा मालक गाडी मूळ रूपात आणू शकतो. मूळ बूच त्यासाठी जपून ठेवावे.

सगळ्यात जास्त चुका नळीत होतात. पेट्रोलच्या नळीचे नायट्राइल रबर ग्लायकॉल जातीच्या ब्रेक द्रवात फुगते आणि मऊ पडते. म्हणून ईपीडीएमसारखे या द्रवाला टिकणारे रबरच हवे. नळी सिलिंडरपासून टाकीपर्यंत सतत चढती ठेवावी. मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते. पत्र्यातून नळी जाते तेथे रबरी कडे बसवावे, नाहीतर पत्र्याची धार तिला हळूहळू कापते. उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाडीत एक सोय आपोआप होते: या गाडीच्या ए सिरीज इंजिनाचा धुराडा डाव्या अंगाला आहे, त्यामुळे नळी उष्णतेपासून दूर राहते. डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत ही काळजी मुद्दाम घ्यावी लागते.

द्रव सावकाश भरून नळीवर बोटाने टिचक्या मारत गेले, की बुडबुडे वर येऊन टाकीतून निघून जातात. मग सर्वात दूरच्या चाकापासून सुरुवात करून क्रमाने एअर काढतात. पेडलला थोडा मोकळा खेळ आहे ना, हेही आता पाहावे. तो नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, सिलिंडरमधले छोटे भोक उघडत नाही आणि ब्रेक धरून राहतात. शेवटी नळीखाली कागद ठेवून गाडी रात्रभर उभी ठेवली, तर जोड गळतो आहे का ते सकाळी कळते. टाकीवर पातळीची खूण करणे आवश्यक आहे. साठा वाढल्याने लहान गळती लवकर लक्षात येत नाही, हा या बदलाचा खरा तोटा आहे, आणि खुणेशिवाय त्यावर उपाय नाही.

ग्लायकॉल जातीच्या डॉट 4 द्रवाचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान 230 अंश सेल्सियस असतो, ओल शोषल्यावरची मर्यादा 155 अंश आहे. ग्लायकॉल हवेतली ओल ओढते. कोकणच्या पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर द्रव दोन वर्षांत बदलावाच. सिलिकोनचा डॉट 5 यात मिसळू नये. खनिज तेल तर कधीच घालू नये, त्याने सील फुगून निकामी होतात.

सिलिंडरच बदलायचा असेल, तर जोड आधीच टेबलावर त्याला बसवून घ्यावा. या कामात टॉर्शन बार आडवा येतो आणि सिलिंडरचे बोल्ट बाहेर ओढता येत नाहीत. बरेच जाणकार बार बाजूला सारून काम झाल्यावर बोल्ट उलट दिशेने बसवतात, म्हणजे पुढच्या वेळी बारला हात लावावा लागत नाही. हिंदुस्तान मोटर्सने भारतात विकलेली बेबी हिंदुस्तान ही मायनरच होती, त्यामुळे तिच्या मालकांनाही हाच क्रम लागू पडतो.