मागची पडवी

गेल्या महिन्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "अण्णा, मागची पडवी काँक्रीटची करून टाकतोय. वर पत्रा. पावसाच्या आत उरकायचंय."

कारण विचारायची गरज नव्हती. मागच्या श्रावणात भावजय तिथेच घसरली आणि मनगट मोडून घेतलं. शिवाय सारवायला आता माणूस मिळत नाही, हेही खरंच. मी "बरं" म्हटलं खरं, पण रात्री झोप लागेना.

आमचं घर रत्नागिरीकडचं, जांभ्याचं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या लोकांनी घराची सगळी मांडणीच पाण्याच्या भीतीने केलेली. मध्ये उंच जोत्यावर माजघर, ओटी त्याहून खाली, पडवी त्याहून खाली आणि अंगण सगळ्यात खाली. छप्पर पडवीवरून पुढे उतरवलेलं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडणार. पावसाळ्यात कडेला झापं बांधली की झड आत येत नसे. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौलं कोकणभर पोचली, नळीची कौलं आणि गवत मागे पडलं. पण पायरी पायरीने उतरण्याची रीत तशीच राहिली. पडवीची जमीन मातीची, चोपून केलेली. भिंतीलगत मुरलेली ओल त्या जमिनीतून उडून जाई. आम्हाला वाटे, गरिबी म्हणून माती!

सिमेंटचं वेड त्यामानाने अलीकडचं. लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं. खेड्यापर्यंत यायला आणखी कितीतरी वर्षं गेली, आणि आलं तेही परमिटवर. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण पोत्यांसाठी अर्ज करून वाट बघत बसावं लागे. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरूनच. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं.

तर १९७८ साली आम्हाला बारा पोती मिळाली. केवढा आनंद! उत्तरेकडची पडवी पक्की करायचं ठरलं. गवंडी म्हणाला, दोन पायऱ्या खाली ठेवू. मी नवा मास्तर, सगळं कळणारा. मी हट्ट धरला की ओटीला समपातळीत घ्या, भिंतीला घट्ट चिकटवून, फट दिसता कामा नये. वडील काही बोलले नाहीत.

जोत्यालगतची माती पाया खणताना उकरून परत भरलेली असते. ती सैल असते. आम्ही धुमस फिरवलाच नव्हता. दोन पावसाळ्यांत लादी भिंतीकडे बसली आणि पाणी अंगणाकडे जायचं ते भिंतीकडे वळलं. जांभा पाणी पितो. बाहेरून सिमेंटने कोंडलेली ओल आत चढली. माजघराच्या त्या भिंतीतल्या फडताळात वडिलांच्या रोजनिश्या होत्या, तीसेक वर्षांच्या. गणपतीत उघडलं तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. वडील एवढंच म्हणाले, "वरचं शेल्फ कोरडं आहे." त्यावर पंचांगं होती.

असो. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या वहीवर आराखडा काढून पुतण्याच्या मोबाइलवर पाठवला. लादी दारापेक्षा खाली. रुंदी दहा फूट, म्हणून घरापासून अंगणाकडे अडीच इंच उतार. माती सहा सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने बसवायची. भिंत आणि लादी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट, तीत डांबरी पट्टी. कारण घर आपल्या पायावर उभं असतं आणि लादी मातीवर, दोघं एका चालीने बसत नाहीत. पत्र्याच्या खांबांना स्वतंत्र पाया, लादीवर उभे करायचे नाहीत. पत्र्याचं पाणी पन्हळीने लांब न्यायचं. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा बिलकूल नको. आणि ओतल्यावर निदान दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. मे महिन्यात हे शेवटचं कोणी करत नाही, म्हणून दोनदा लिहिलं.

संध्याकाळी भावजयीचाच फोन आला. "भावोजी, सगळं कबूल. पण दाराशी पायरी नको. गुडघे वर येत नाहीत."

पायरी नको, हे मीही १९७८ साली म्हणालो होतो. पण मला तेव्हा नुसती शोभा हवी होती, हिचे गुडघे खरे दुखतात. पायरी काढली तर पाणी दारातून आत. शेवटी असं ठरलं, की लादी सहा इंच खालीच राहील आणि दारासमोर सहा फूट लांबीची खरबरीत उतरण, दोन्ही बाजूंना कठडा. उतरण दाराकडून खाली जाते, म्हणजे पाणी बाहेरच.

भाऊ म्हणतो, उतरणीमुळे तुळशीकडे जायची वाट अडते. पुढच्या आठवड्यात टेप घेऊन स्वतःच जातो आहे.