स्वार्थी नोड आणि सहकार्य : पालघरच्या संदर्भात
मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमध्ये प्रत्येक नोडने इतरांचे संदेश पुढे पाठविणे अपेक्षित असते. परंतु त्यात स्वतःची बॅटरी खर्ची पडत असल्याने स्वार्थी नोड ते टाळतो. २००० साली मार्टी व सहकाऱ्यांनी सुचविलेली ‘वॉचडॉग’ पद्धती असा नोड हेरीत असे आणि मग तो मार्गातून वगळला जाई. म्हणजे कामचुकारास शिक्षेऐवजी विश्रांतीच मिळे. बुटियान व यूबो यांनी मोबदल्याचा विचार मांडला.

पालघर जिल्ह्यातील आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात नोड स्थिर होते. तरी जाळे कोण राखणार, हा प्रश्न तेथेही होताच. ग्रामपंचायतीची गुंतवणूक, स्थानिक तरुणाकडे देखभाल आणि त्यास उत्पन्नाचा वाटा अशी रचना तेथे मांडली गेली. २०१७ मध्ये प्रकल्पास मोझिलाचे पारितोषिक लाभले. सहकार्यास पाळतीहून वाट्याचा आधार अधिक बळकट, हेच सूत्र या दोन्ही प्रयत्नांना जोडते.